छोट्या ऑफिससाठी ऑल-इन-वन इंकजेट : टाकीवाला घ्यायचं ठरलंय, पण कुठला?

बार्शीकर_स्मिता

नमस्कार मंडळी. बार्शीत माझं जीएसटी आणि इन्कम टॅक्स रिटर्नचं छोटं ऑफिस आहे, मी आणि हाताखाली दोन मुली, बस. सहा वर्षं एक कार्ट्रिजवाला ऑल-इन-वन प्रिंटर वापरला, छपाई, झेरॉक्स, स्कॅन एकातच. गेल्या जुलैत रिटर्नच्या ऐन गर्दीत तो बसला तो उठलाच नाही. दारात दहा-बारा माणसं बसलेली आणि मी पेनड्राइव्ह घेऊन समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे उभी, लोकांचे पॅन, बँकेचे उतारे सगळं त्याच्या कॉम्प्युटरवर उघडायचं, दुकानात येणारा-जाणारा स्क्रीनकडे बघतोय. माणसं विश्वासानं कागद देतात आपल्याकडे, ते फार लागलं मनाला. यंदा जुलैच्या आत नवीन मशीन आणायचंच.

गरज सांगते. महिन्याला १२०० ते १५०० पानं, जुलै आणि सप्टेंबरात दुप्पट. त्यातली बहुतेक काळीच, रंगीत अगदी थोडी. स्कॅनिंग भरपूर, एकेक व्यापारी तीस-चाळीस बिलांचा गठ्ठा आणून टाकतो. आधार-पॅनच्या झेरॉक्स रोजच्या. मधूनमधून स्टॅम्प पेपरवर भाडेकरार नाहीतर प्रतिज्ञापत्र. लाईट दिवसातून एकदोनदा जाते, इन्व्हर्टर आहे. बजेट पंधरा हजार, फारच गरज असेल तर थोडं वर.

दुकानदार म्हणतोय टाकीवाला, म्हणजे बाटलीतून शाई भरायचा, एप्सन एल ३२५० घ्या, सगळे तोच नेतात. भाऊ म्हणतोय लेझर घे. तुमच्याकडे काय अनुभव?

औशाचा_केंद्रचालक

ताई मी सेवा केंद्र चालवतो, एल ३२५० तीन वर्षं वापरतोय, त्यामुळे चांगलं-वाईट दोन्ही सांगतो. खर्चाला तोड नाही. काळी ००३ ची बाटली ६५ मिलीची, कंपनी ४५०० पानं सांगते, माझ्याकडे चार हजारांच्या आसपास निघतात कारण मला मधेमधे हेड (शाई फवारणारा भाग) क्लीनिंग मारावं लागतं. म्हणजे पानाला दहा पैशांच्या आतबाहेर पडतं शाईचं. पहिली बाटली मात्र लवकर संपल्यासारखी वाटेल, नळ्या आणि हेड भरायलाच बरीच शाई जाते, तेव्हा घाबरू नका.

आता खोक्यावर ३३ पानं मिनिटाला लिहिलेलं असतं ते ड्राफ्टचं, म्हणजे घाईच्या फिक्या छपाईचं. खरा आकडा आयएसओचा, म्हणजे ठरलेल्या मापानं मोजलेला, तो काळ्यासाठी १० आणि रंगीतसाठी ५ आहे. दोन उताऱ्यांना काही वाटत नाही पण ४० पानांचा रिपोर्ट काढायचा म्हटलं की गिऱ्हाईक घड्याळ बघायला लागतं.

आणि ड्राफ्टमध्ये मराठी छापूच नका. मी सातबारा काढून देतो, महाभूमीवरचा डिजिटल सहीचा, १५ रुपयेवाला. एकदा एका म्हाताऱ्या बाबांना ड्राफ्टमध्ये काढून दिला. एक नोझल, म्हणजे हेडचं शाईचं बारीक भोक, बंद होतं, पानभर आडवी बारीक पांढरी रेघ, ती नेमकी एका ओळीच्या शिरोरेषेवरून गेली आणि वरचे अनुस्वार, वेलांट्या सगळं खाल्लं. इंग्रजी अक्षराला एवढं कळत नाही, वाचून घेता येतं. आपल्या लिपीत सगळा जीव त्या वरच्या रेघेत. खालच्या ओळीत क्षेत्राच्या आकड्यातला टिंबच गेला होता, हेक्टर-आरच्या मधला. बाबा तो कागद घेऊन बँकेत गेले आणि परत आले. एसटीचं भाडं त्यांचं गेलं, चूक माझी होती. तेव्हापासून सकाळी पहिलं काम नोझल चेक, रेघ तुटली असेल तर आधी ती दुरुस्त, मग गिऱ्हाईक.

सातारकर_वकील

स्टॅम्प पेपरचं लिहिलंय म्हणून बोलतो. दोन गोष्टी बघा. पहिली शाई. काळी शाई डाय आहे की पिगमेंट हे दुकानदार सांगत नाही, त्याला बहुतेक माहीतही नसतं. डाय म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग, कागदात मुरतो, फोटोला छान दिसतो पण पाणी लागलं की पसरतो. पिगमेंट म्हणजे रंगाचे बारीक कण, ते कागदाच्या वर बसतात, अक्षर गडद येतं आणि ओल्या बोटानं पुसलं तरी जात नाही. एल ३२५० मधली ००३ ची काळी डाय आहे. एप्सनच्याच ००१ बाटलीतली काळी पिगमेंट. कॅननच्या जी ३०१० मध्ये काळी पिगमेंट, एचपीच्या स्मार्ट टँकमध्ये तेच, ब्रदरच्या टी सिरीजलाही तेच. चारही ठिकाणी रंगीत तीन डायच.

माझ्याकडे एका पक्षकाराचं प्रतिज्ञापत्र पावसात भिजलं. सही बॉलपेनची, ती तशीच होती. नोटरीचा शिक्का थोडा फिका झाला. मजकूर मात्र निळसर ओघळ होऊन खाली आला, तिसरा परिच्छेद वाचताच येईना. स्टॅम्प पुन्हा घ्यावा लागला, तेही आता पाचशेचा. तुम्ही दुकानात जाताना कोरा लेजर पेपर (करार छापायचा जाड कागद) घेऊन जा, त्यावर एक पान छापून घ्या, मिनिटभर थांबा, बोट ओलं करून फिरवा. पाच सेकंदांत उत्तर मिळतं.

दुसरी गोष्ट आकार. या सगळ्या मशीनची काच ए-फोरची असते. लीगल आकाराचा, म्हणजे ए-फोरपेक्षा लांब कागद काचेवर ठेवला की खालचे दोनेक इंच बाहेर राहतात, आणि सह्या तिथेच असतात. एडीएफ (कागद आपोआप आत ओढणारी सोय) असेल तर बहुतेक मशीनमध्ये लीगल त्यातून जातो. सुप्रीम कोर्टानं २०२० पासून ए-फोर दोन्ही बाजूंनी चालू केलं ही फार चांगली गोष्ट झाली, पण स्टॅम्प पेपर आणि जुनी दस्तं लीगलच आहेत, ती काही बदलणार नाहीत.

बार्शीकर_स्मिता

वकीलसाहेब, हे खरंच कुणी सांगितलं नव्हतं. सहा वर्षं मी लीगल कागद दोनदा स्कॅन करून जोडत बसायचे, मला वाटायचं सगळेच असं करतात. एडीएफ म्हणजे वरून गठ्ठा ठेवतो तेच ना? ते बजेटात बसेल का? आणि लेझरचं काय, भाऊ सोडत नाहीये.

कोल्हापूरचा_दुरुस्तीवाला

ताई, मी सतरा वर्षं प्रिंटर उघडतोय, सविस्तर लिहितो, मोठं होईल.

आधी लेझर. लेझर वाईट नाही, फक्त काळंच छापायचं असेल, मशीन आठ-आठ दिवस बंद राहणार असेल तर लेझरच घ्या, टोनर म्हणजे कोरडी पूड, ती वाळत नाही. पण तुम्ही इन्व्हर्टर लिहिलंय. लेझरचा फ्यूजर, म्हणजे पूड कागदावर चिकटवणारा गरम भाग, तापताना चारशे-पाचशे वॉट आणि कधी त्याहून जास्त ओढतो, छोटा इन्व्हर्टर तिथेच बीप मारून बसतो. इंकजेट छापताना वीसेक वॉटच्या आत असतो, बल्बएवढं. आमच्याकडे गावातल्या सोसायट्या, केंद्रं सगळी याच कारणानं टाकीवाल्या इंकजेटवर गेली. शिवाय ऑल-इन-वन लेझरला एडीएफ आणि दोन्ही बाजू छपाई घेतली की भाव वर जातो आणि रंगीत तरी मिळतच नाही.

पण लाईटवरून एक महत्त्वाचं. इंकजेट बोर्डाच्या बटणानं बंद करायचा नाही. त्याच्या स्वतःच्या बटणानं बंद केला की हेड उजवीकडे जाऊन रबराच्या टोपीवर बसतं, हवा लागत नाही. बोर्डवरून बंद केला किंवा छपाई चालू असताना लाईट गेली तर हेड मधेच उघडं राहतं, रात्रभरात शाई वाळते, सकाळी तुमच्या बारीक पांढऱ्या रेघा. माझ्याकडे येणाऱ्या बंद हेडांतली निम्मी तरी याच सवयीची. ऑफिस बंद करताना मुली मेन स्विच पाडतात ना, त्याआधी प्रिंटरचं बटण दाबायचं, दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग स्विच. एवढं शिकवा त्यांना.

हेड बंद पडलंच तर लोक दहा-दहा वेळा क्लीनिंग मारतात. तसं करू नका. दोन-तीन वेळा मारा, नाही सुटलं तर रात्रभर ठेवून द्या, वाळलेली शाई आतून ओली होऊन सुटते, सकाळी पुन्हा एकदा मारा. कारण प्रत्येक क्लीनिंगला शाई वाया जाते आणि ती जाते खालच्या पॅडमध्ये. पॅड म्हणजे फोमची जाड घडी, वाया गेलेली शाई शोषायला. मशीन मोजत असतं, मर्यादा आली की सगळे दिवे लुकलुकतात आणि छपाई बंद. मग कुणीतरी सॉफ्टवेअरनं नुसता काउंटर शून्य करून देतो, पॅड बदलत नाही. एकदा एका बाईंच्या टेबलावर, त्याखालच्या दाखल्यांच्या फायलीवर काळी शाई उतरलेली मी बघितली, पॅड भरून वाहत होतं आणि कागदावर काउंटर शून्य. म्हणून मेंटेनन्स बॉक्स किंवा मेंटेनन्स कार्ट्रिज, म्हणजे वाया गेलेल्या शाईचा डबा, आपल्याला हातानं बदलता येते असं मॉडेल मिळालं तर ते बघा. कॅननच्या जी ३०२० ला तशी आहे, एप्सनच्या वरच्या काही मॉडेलांना बॉक्स आहे. घेताना विचारा.

हेडचंही बघा. एप्सन आणि ब्रदरचं हेड पिझो, म्हणजे वीज दिली की बारीक स्फटिक वाकतो आणि थेंब ढकलतो. कॅनन-एचपीचं थर्मल, शाई क्षणभर तापवून बुडबुड्यानं थेंब उडवतात. पिझो जास्त टिकतं पण ते मशीनचाच भाग असतं, गेलं तर खर्च मशीनच्या निम्म्यापर्यंत जातो. थर्मल लवकर झिजतं पण एचपी स्मार्ट टँकला, कॅननच्या जी सिरीजला हेड काढून दुसरं बसवता येतं. दोन्ही पद्धती चालतात, फक्त पिझोवाल्यात स्वस्त शाई ओतू नका. लिटरच्या कॅनमधली शाई चार महिने छान चालते, पाचव्या महिन्यात माणूस माझ्याकडे येतो. टाकी खालच्या रेघेच्या खालीही जाऊ देऊ नका, नळीत हवा शिरली की ती काढताना नव्या बाटलीची चांगली पाव शाई जाते.

आणि नवीन मशीन आणताना सपाट आणा. मोटारसायकलवर उभं धरून आणू नका, आणि एकदा शाई भरल्यावर तर अजिबात नाही.

रत्नागिरीची_लिपिक

आमच्या शाळेच्या ऑफिसात दमट हवेचा त्रास वेगळाच. जून ते सप्टेंबर कागद ओलसर होतो, दोन-दोन एकदम ओढले जातात आणि डाय शाई कडेनं फुलते, अक्षराला मिशा फुटल्यासारखं दिसतं. आम्ही ७० जीएसएमचा (कागदाच्या वजनाचं माप) कागद सोडून ७५ चा घ्यायला लागलो आणि उघडलेलं रीम प्लास्टिकच्या डब्यात झाकण लावून ठेवतो, निम्मे जॅम बंद झाले. दोन्ही बाजूंनी छापायचं असेल तर ७० चा घेऊच नका, पलीकडचं दिसतं, निकालपत्रकं वाचताना डोळे दुखतात.

दुसरं, स्कॅनर. या मशीनमधला स्कॅनर काचेला अगदी चिकटलेला कागदच नीट बघतो. आमचं जुनं जनरल रजिस्टर जाड बांधणीचं, मधला भाग काचेपासून अर्धा इंच जरी वर राहिला तरी तिथली अक्षरं धूसर येतात. दाखला द्यायचा तर जन्मतारीख नेमकी त्या घडीत. रजिस्टर दाबून धरायला दोघी लागतो. जुन्या वह्या स्कॅन करायच्या असतील तर हे लक्षात ठेवा, मशीन महाग घेतलं म्हणून हे सुधारत नाही.

नागपूरचा_पोरगा

आमच्या बाबांचं विमा एजंटचं ऑफिस आहे, महिन्याला जेमतेम दीडशे पानं, तरी टाकीवाला घेतला. मे महिन्यात पंधरा दिवस गावी गेलो, ४५ डिग्रीत बंद खोलीत राहिला, आल्यावर पिवळा आणि निळा पूर्ण गायब. आता आठवड्यातून एकदा रंगीत चाचणी पान काढतो, सगळे रंग वाहते राहतात. ताई तुमचं काम रोजचं आहे, तुम्हाला हा प्रश्न येणार नाही, पण कमी पानंवाला कुणी वाचत असेल तर त्यानं आधी विचार करावा.

बार्शीकर_स्मिता

दुरुस्तीवाले दादा, हे तुमचं लिहिणं मी प्रिंट काढून ठेवणार आहे. बोर्डाचं बटण तर आम्ही रोजच पाडत होतो.

आता माझं मन एल ३२५० वरून उठलंय, ते मशीन वाईट म्हणून नाही, माझं काम गठ्ठ्याचं आहे म्हणून. काल बसून मोजलं, एका व्यापाऱ्याची ३८ बिलं, काचेवर एकेक ठेवायची, झाकण, बटण, झाकण, मुलीला वीस मिनिटं लागली. अशी महिन्याला पंचवीस-तीस माणसं. म्हणजे तिचे आठ-दहा तास नुसतं झाकण उघडण्यात जातात महिन्याला, आणि तेवढ्यात ती दुसरी नोंद करू शकली असती. तीन-चार पैशांच्या शाईचा हिशेब मी करत होते आणि हा हिशेब कधी केलाच नव्हता.

तर एडीएफ हवाच, दोन्ही बाजू छपाई हवी, काळी पिगमेंट हवी. बजेट ताणते. यादीत कोण उरतं?

औशाचा_केंद्रचालक

तिन्ही एकत्र हवं असेल तर एप्सन एल ६२७०, ब्रदर डीसीपी-टी ७२० डीडब्ल्यू किंवा टी ८२० डीडब्ल्यू, एचपी स्मार्ट टँक ७५०. एल ४२६० मध्ये दोन्ही बाजू आहे पण एडीएफ नाही. एल ५२९० मध्ये एडीएफ आहे पण दोन्ही बाजू आपोआप नाही, कागद उलटा करून घालावा लागतो, आणि शाई ००३ चीच. पंधरात यातलं काही बसणार नाही ताई, वीसच्या आसपास किंवा वर जाईल, भाव सारखे खालीवर होतात, सणाच्या आसपास बघा.

एक सांगतो, या एडीएफमधून गठ्ठा आपोआप जातो पण पानाची एकच बाजू वाचली जाते. मागे लिहिलेली बिलं असतील तर गठ्ठा उलटा करून पुन्हा घालावा लागेल. आणि फिक्या थर्मल पावत्या, पेट्रोल पंपाच्या वगैरे, त्या एडीएफमध्ये घालू नका, अडकतात नाहीतर फाटतात, त्या काचेवरच.

कोल्हापूरचा_दुरुस्तीवाला

यादी बरोबर आहे. यातलं कुठलंही घ्या, पण आधी त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर सोलापुरात आहे का ते फोन करून विचारा, दुकानदाराच्या तोंडी हो वर जाऊ नका. वॉरंटी बहुतेकांची एक वर्ष किंवा ठरावीक हजार पानं, जे आधी संपेल ते, तुमच्यासारख्या ऑफिसात पानंही बघून ठेवा. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या.

वायफायचं एक. बऱ्याच प्रिंटरना राउटरचा २.४ गिगाहर्ट्झवालाच पट्टा चालतो, ५ वाला दिसतच नाही, मग लोक म्हणतात मशीन खराब. आणि राउटर बंद-चालू झाला की प्रिंटरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदलतो, कॉम्प्युटर ऑफलाइन दाखवतो. राउटरमध्ये त्याचा आयपी पक्का करून टाका. नेटवर्कची केबल लावायची सोय असेल आणि टेबल जवळ असेल तर सरळ केबल लावा, कटकट मिटली.

बार्शीकर_स्मिता

मंडळी, मशीन आलं. तुमच्या सगळ्यांचं ऋण आहे म्हणून सविस्तर लिहिते.

सोलापूरला स्वतः गेले. पिशवीत लेजर पेपरचे चार कोरे कागद, दहा बिलांचा गठ्ठा आणि एका कराराचा पेनड्राइव्ह. दुकानदार आधी जरा वैतागला, पण मग त्यालाच उत्सुकता वाटली. दोन मशीनवर करार छापला, मिनिटभर थांबले, बोट पाण्याच्या ग्लासात बुडवून पहिल्या ओळीवरून फिरवलं. पिगमेंटवाल्यात बोटाला थोडासा करडेपणा, अक्षर जागेवर. डायवाल्यात "लिहून देणार" मधला "देणार" सरकून पुढच्या शब्दावर गेला. दुकानातला पोरगा म्हणाला मॅडम हे मी आता सगळ्यांना दाखवतो.

ब्रदर टी ८२० डीडब्ल्यू घेतला. केबलची सोय आहे, काळी बाटली १०८ मिलीची आणि ७५०० पानं सांगतात, वेग आयएसओनं काळा १७. सर्व्हिसचा फोन मी आधीच केला होता. बजेटच्या वर गेले ते खरं, पण भाऊ स्वतः बिलं स्कॅन करायला बसला आणि गप्प झाला. आधार-पॅनला आयडी कॉपी म्हणून सोय आहे, पुढची-मागची बाजू एकाच पानावर येते, मुलींना तेच सगळ्यात आवडलं.

उणं काय ते पण सांगते. दोन्ही बाजूंची छपाई हळू होते, एक बाजू छापून कागद थोडा वेळ थांबतो, शाई वाळायला, मग आत ओढतो. गर्दीत हे जाणवतं, तेव्हा एकच बाजू काढते. पुढच्या ट्रेमधून कागद आत वळण घेऊन येतो त्यामुळे स्टॅम्प पेपर मी मागच्या बाजूनं सरळ घालते. आणि जीएसटी पोर्टलला फोटो १०० केबीच्या आत लागतो, स्कॅन ३०० डीपीआयवर (बारकाईचं माप) ठेवला तर फाईल मोठी होते, कागदपत्रांना २०० डीपीआय आणि काळं-करडं ठेवलं की वाचायलाही येतं आणि बसतंही.

त्या ३८ बिलांच्या व्यापाऱ्याला मुद्दाम बोलावलं. दोन हप्त्यांत घातली कारण एडीएफमध्ये एका वेळी वीसच कागद बसतात. साडेचार मिनिटं लागली. त्यानं चहा संपवायच्या आत बिलं त्याच्या हातात परत.

रत्नागिरीची_लिपिक

स्मिताताई छान झालं. एडीएफच्या आतली काचेची बारीक पट्टी आठवड्यातून एकदा मऊ कोरड्या फडक्यानं पुसत जा, बिलांना स्टेपलरच्या पिना आणि चिकटपट्टीचा गोंद असतो. तिथं एक कण बसला की प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत काळी उभी रेघ येते आणि आपण प्रिंटरला दोष देत बसतो.

बार्शीकर_स्मिता

आजच आली होती ती रेघ! तिसऱ्या गठ्ठ्यापासून. आता पुसून बघते.

पुसली, गेली. पिनेचा तुकडा होता.